मामाचा 'ऑन'

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेल्या नऊ-दहा वर्षांत माझ्या मामाच्या भाषणाशिवाय एकही माणूस धड स्वर्गात पोचलेला नाही. हे मी भाची म्हणून सांगत नाही, कुठल्याही नदीच्या घाटावर जाऊन विचारा. आमच्याकडे माणूस गेला की दहाव्या दिवशी सकाळी नदीवर पिंडदान असतं, आणि कावळा शिवेपर्यंतचा वेळ रिकामा जाऊ नये म्हणून माइक लावून श्रद्धांजलीची भाषणं होतात. कोणी ग्रामपंचायतीच्या वतीने बोलतो, कोणी भजनी मंडळाच्या, कोणी समस्त सोयऱ्याधायऱ्यांच्या. स्वतःच्या वतीने कोणी बोलत नाही, तशी पद्धतच नाही. मामाने ही पद्धत उचलली आणि तिला इंग्रजीचा साज चढवला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, माइकवर दोनदा फुंकर, आणि मग खर्जातली सुरुवात, "ऑन बिहाफ ऑफ..." पुढे सात-आठ संस्थांची नावं. त्यांतल्या निम्म्या संस्थांना आपण शोकाकुल आहोत हे दुसऱ्या दिवशी कळायचं. मामा बोलायला उभा राहिला की कावळा लवकर शिवतो, असाही लोकांचा अनुभव आहे, आणि काही घरं केवळ त्यासाठी त्याला अगत्याने बोलावतात.

हा 'ऑन' त्याला भातसानगरला भेटला. धरणाच्या ऑफिसात तो आवक-जावक कारकून होता. वरून येणारी इंग्रजी पत्रं घ्यायची, नंबर टाकायचा, टेबलावर पोचवायची. पत्रातलं बाकी काही कळो न कळो, दर दोन ओळींनी एक 'ऑन' येतो हे त्याच्या लक्षात आलं. ऑन रेकॉर्ड, ऑन पेपर, ऑन ड्यूटी, ऑन द स्पॉट. मग त्याने स्वतःसाठी एक जाड रजिस्टर घातलं. आवक बाजूला शब्दप्रयोग, क्रमांक आणि कुठल्या पत्रातून आला ते. जावक बाजूला तो कोणावर, कधी आणि कुठे वापरला ते. 'ऑन सेकंड थॉट' हा त्याने पहिल्यांदा मामीवर वापरला, लग्नाच्या बोलणीत, होकार दिल्यानंतर अर्ध्या तासाने. म्हणायचं होतं की तारीख जरा पुढे ढकलू. सासरेबुवांना कोणीतरी शब्दाचा अर्थ सांगितला आणि लग्न मोडता मोडता राहिलं. रजिस्टरात त्या नोंदीपुढे शेरा आहे, 'जपून वापरणे.'

"इंग्रजी फार मोठी भाषा हाय असं लोक उगाच बोलतात," तो मला सांगतो. "तिचा सगळा कारभार 'ऑन'वर चाललाय. बाकी नुसता पसारा." मी मुरबाडकडच्या एका हायस्कुलात इंग्रजीच शिकवते, हे माझं दुर्दैव. मामाच्या मते मी त्या पसाऱ्यात अडकलेली बाई. एकदा तो रस्त्यानं जाता जाता शाळेत शिरला, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून नववीच्या वर्गाच्या दारात उभा राहिला आणि दहा मिनिटांत माझं वर्षाचं काम उरकून गेला. आठवड्याने आवणी सुरू झाली. भातलावणीला घरचे हात लागतातच, पोरं दरवर्षी न सांगता दांडी मारतात. त्या वर्षी मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर अख्ख्या वर्गाच्या सहीचा एकच अर्ज आला, की ऑन अकाउंट ऑफ आवणी आम्ही सर्व जण सोमवारपासून ऑन लीव्ह आहोत. मुख्याध्यापकांनी मला बोलावून अर्जातली चूक दाखवा म्हणून सांगितलं. मी दोनदा वाचला, चूक सापडली नाही. शेवटी त्यांनी रजा मंजूर केली.

मामा एका जागी बसलेला आहे असा फोटो आमच्या घरात नाही. सगळ्या फोटोंत तो निघालेला आहे. चहा उभ्याने पितो, तोही बशीत ओतून, कारण कपाला वेळ लागतो. मामी सांगते की सप्तपदीतसुद्धा तो इतका पुढे गेला की उपरण्याची गाठ सुटली. स्कूटर दारात लावतो पण बंद करत नाही, एक पाय पायरीवर आणि एक कान इंजिनाकडे. फोन केला की तो कायम 'ऑन द वे' असतो. कुठून कुठे ते विचारायचं नाही. किन्हवलीत चहा, सरळगावला एकाची भेट, मुरबाडला कोणाचा तरी अर्ज, परतताना आसनगावला स्टेशनवर कोणाला तरी सोडायचंय, आणि या सगळ्यात पगार कोणी देत नाही. सकाळी दोन दोन दहावे असले तर पहिल्या घाटावरचं भाषण तो दुसऱ्या घाटाच्या वाटेवर स्कूटरवरच संपवतो, असं लोक म्हणतात. मला ते खोटं वाटत नाही.

या घाईनेच एकदा काळू नदीच्या घाटावर घोटाळा झाला. मोठ्या नदीवर एकाच सकाळी दोन-तीन घरांची कार्यं असतात, दोन झाडांखाली दोन मंडळी. मामाला जायचं होतं एका निवृत्त गुरुजींच्या दहाव्याला. तो स्कूटर लावून धावत आला आणि पहिल्या झाडाखालच्या मंडळीत घुसला. तिथे दहावा होता तालुक्यातल्या एका नामांकित भांडखोराचा. बांधावरून, पाण्यावरून, कोंबडीवरूनसुद्धा कोर्टात गेलेला माणूस. मामाने माइक घेतला, फुंकर मारली, आणि सात मिनिटं सांगितलं की या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, कोणाच्या पोराला टपली मारली नाही, शेजाऱ्याच्या सुखात स्वतःचं सुख मानलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. दोघं-तिघं तर ज्यांच्यावर त्याने खटले घातले तेच होते. मामाला चूक कळली तेव्हा तो माइक टाकून पळणार होता. पण त्या माणसाची म्हातारी बायको डोळ्याला पदर लावून पुढे आली आणि म्हणाली, "दादा, ते शेजाऱ्याच्या सुखाचं पुन्ना एकदा सांगा." मामाने पुन्हा सांगितलं. वर्षश्राद्धाला त्या घरचं आमंत्रण मानाने आलं. पलीकडच्या झाडाखाली गुरुजी मात्र त्या दिवशी भाषणावाचून गेले.

हे सगळं हसत हसत सांगतेय, पण मधल्या काळात या माणसाचा मला फार राग आला होता. कारण माझी आई.

आई मामापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आजी गेली तेव्हा मामा वर्षाचा होता आणि आई चौथीत. आईची शाळा त्या दिवशी सुटली ती सुटली. मामाला कडेवर घेऊन ती शेतावर जायची, त्याला बांधावर ठेवून आवणी करायची, आणि तो मोठा झाल्यावर त्याला शाळेत घालायला स्वतः गेली. म्हणून मामाच्या तोंडून इंग्रजी शब्द बाहेर पडला की ती शेतातलं पीक बघावं तशी बघायची. मी एम. ए. झाले त्याचं तिला एवढं कौतुक नव्हतं.

मामा नोकरीला लागला त्या वर्षीच्या भाऊबीजेला त्याच्याकडे साडीपुरते पैसे नव्हते. त्याने ओवाळणीच्या ताटात एक चिठ्ठी टाकली. आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, त्यानेच वाचून दाखवली, "ऑन द स्पॉट." अर्थ सांगितला, दोनदा म्हणून घेतलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला साडीबरोबर एक 'ऑन' यायचा. आईने ते सगळे जपले आणि वापरले. भाजीवालीला ती सांगायची, "भाव ऑन द स्पॉट बोल, घरी जाऊन नको." माझ्या नवऱ्याशी माझं वाजलं की मला विचारायची, "सध्या ऑन गुड टर्म्स हायेस ना गो?" चाळीसेक शब्दप्रयोग, एकाचाही अर्थ चुकायची नाही. माझ्या दहावीच्या वर्गाबद्दल मी हे म्हणू शकत नाही.

गेल्या वर्षी तिच्या हृदयाची झडप निकामी झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात ऑपरेशन सोसणार नाही, घरी ठेवा, मनासारखं करू द्या, थोडे महिने आहेत. आई शहापुरात माझ्याकडेच असायची. तिच्या खाटेपाशी येऊन डॉक्टरांनी मोठ्याने विचारलं, "काय आजी, कसं वाटतं?" ती म्हणाली, "ऑन द होल बरी हाय." डॉक्टर हसले. ती हसली नाही, तिला सगळं समजलं होतं.

तिला मनासारखं म्हणजे फार काही नको होतं. भावाने शेजारी येऊन बसावं, एवढंच. आणि तेवढंच मामाला जमत नव्हतं. आजाराचं कळल्यापासून त्याच्या फेऱ्या वाढल्या, दिवसातून दोनदा, तीनदा, पण उंबऱ्याच्या आत येईना. बाहेर स्कूटर धडधडतेय, हा दारात उभा. "बाय, बरी हायेस ना? गोळी घेतली?" आई आतून म्हणायची, "पोरा, ये, बस रे जरा." "बसतो ना, बाय. आता ऑन द वे हाय. येताना बसतो." येतानाही तो दारातूनच परत जायचा. आई त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवायला सांगायची आणि रात्री ती मी खायचे. एकदा मी त्याला रस्त्यात गाठून तोंडावर बोलले, की परक्यांच्या दहाव्यांना तुला तासभर मिळतो आणि सख्ख्या बहिणीला पाच मिनिटं मिळत नाहीत. त्याने मान खाली घातली, हेल्मेटचा पट्टा ओढून बसवला आणि गेला.

मग एके दिवशी तो दारात आला तेव्हा आईने खाटेवरूनच विचारलं, "माज्या दहाव्याला बोलशील ना रे?"

मामाचा हात स्कूटरच्या हँडलवर होता तो तिथेच राहिला. "काय अभद्र बोलतेस, बाय?"

"बोलशील का नाय, तेवडं सांग."

"...बोलीन."

"मंग मला आदी ऐकव. तिकडं मला ऐकू येनार नाय. दोन तालुक्यांनी तुजं भाषण ऐकलं, मीच काय घोडं मारलं?"

मामा गेला आणि चार दिवस फिरकला नाही. त्याच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. पाचव्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. मागे स्कूटरचा आवाज नव्हता, म्हणून आधी मी ओळखलंच नाही.

"पोरी, बायला समजाव तू. हे काय मागनं झालं?"

"मामा, तू रोज नदीवर बोलतोस. एकदा घरी बोल."

"तिथं मानूस समोर नसतो गो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो आला. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशात घडी घातलेला कागद. आईने मला तिला उशी देऊन बसवायला सांगितलं, पदर सारखा केला आणि हात पुढे केला. "चावी दे." मामाने बाहेर जाऊन स्कूटर बंद केली आणि चावी आणून दिली. तिने ती उशीखाली घातली. घरात एकदम इतकी शांतता झाली की शेजारच्या गच्चीवर कोणीतरी कपडे झटकत होतं ते ऐकू आलं. मी दाराशी उभी राहिले. मामा खाटेसमोर उभा राहिला, कागद उघडला, सवयीने मुठीवर फुंकर मारली आणि सुरुवात केली.

"ऑन बिहाफ ऑफ सेवानिवृत्त कर्मचारी संघटना..."

"त्यांना मी कवा बगितलंय?" आई म्हणाली. "पुढं."

"ऑन बिहाफ ऑफ समस्त ग्रामस्थ..."

"त्यातले अर्धे माज्याशी बोलत नाय. पुढं."

"ऑन बिहाफ ऑफ भजनी मंडळ..."

"बेसूर मेले. पुढं."

मी तोंडावर हात दाबला होता. महिला बचत गट, नदीकाठची देवस्थान समिती, एक-दोन नावं त्याने ऐन वेळी बनवलेली असावीत. आई एकेकाला घरी पाठवत गेली. कागद संपला.

"संपले सगळे?"

"संपले."

"मंग आता तू बोल."

मामा उभाच होता. कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेरच्या दाराकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता हा चावीशिवाय पायीच पळणार. आणि मग तो खाली बसला. फरशीवर, खाटेला पाठ लावून नाही, तिच्याकडे तोंड करून, एक हात खाटेच्या कडेवर ठेवून.

"बाय," तो म्हणाला, "आय मला आठवत नाय. लोक आय म्हनतात तवा मला तुजा कान दिसतो. कानात सोनं नव्हतं, निंबाची काडी होती. कडेवर बसून मी ती काडी ओढायचो आनि तू मला मारायची नाय. मी दिसभर फिरतो. किन्हवली, मुरबाड, सगळीकडं. लोकांना वाटतं याला लय कामं. काम कायच नसतं. गाडी काढली की मला ठाऊक असतं का जाताना बायचं दार लागंल, येताना बायचं दार लागंल. ते लागलं का मी मोकळा. आता बसलो तुज्याजवळ आनि तू बोलता बोलता गेलीस तर, म्हनून मी बसत नाय. तू नसलीस तर मी घरातनं निघून जाऊ कुठं?"

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सदुसष्ट वर्षांचं टक्कल पडलेलं डोकं, ती ते लहान पोराचं असल्यासारखं चाचपत होती. मला बघवेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, पण कान तिथेच होते.

"लांबलं थोडं," आई म्हणाली. "पन बरं जमलं."

"हं."

"त्यात तुजा 'ऑन' कुठं गेला रे?"

"सुचला नाय, बाय."

"असू दे. माज्याकडं हायेत."

मग तिने मला हाक मारून ताट वाढायला सांगितलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी. मामा मांडी घालून जेवला, दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली. हातात बशी नसलेला मामा मी पहिल्यांदाच बघत होते. चार वाजेपर्यंत तो बसला होता. चावी कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही, जाताना आईच म्हणाली, "ने आता, मामी वाट बघत असंल."

त्यानंतर तो अगदी शहाणा झाला असं नाही. बसला तरी पाय हलत असायचा आणि फोन वाजला की अर्धा उठायचा. पण रोज येऊन बसायचा. दोघं फार बोलायचीही नाहीत. कधी ती त्याला एखाद्या जुन्या भाऊबीजेची चिठ्ठी म्हणून दाखवायची आणि तो आवक क्रमांक सांगायचा. सात आठवडे मिळाले त्यांना. डॉक्टर म्हणाले होते त्यापेक्षा कमीच, पण मला आता ते कमी वाटत नाहीत.

आईचा दहावा भारंगी नदीच्या घाटावर झाला. इतकी माणसं येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. ज्यांच्या ज्यांच्या घरच्या माणसांसाठी मामा बोलला होता ती सगळी घरं आली होती. वाशिंदहून आली, मुरबाडच्या पलीकडून आली, काही तर मला ओळखतसुद्धा नव्हती. माइकवर एकामागून एक जण उभे राहिले. ग्रामपंचायतीच्या वतीने, भजनी मंडळाच्या वतीने, शाळेच्या वतीने. शेवटी सूत्रसंचालकाने मामाचं नाव घेतलं आणि माणसं सावरून बसली. मागे उभे असलेले पुढे सरकले. आज सख्ख्या बहिणीचा दहावा, आज हा काय बोलेल, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मामा उठला. माइक हातात घेतला, फुंकर मारली नाही.

"माजं बोलून झालंय," तो म्हणाला. "बायनं ऐकलंय."

त्याने माइक परत दिला, माझ्याशेजारी येऊन मांडी घालून बसला. कोणाला काय करावं ते कळेना, मग कोणीतरी हात जोडले आणि सगळे उभे राहिले. पिंडाला कावळा शिवला, माणसं पांगली, माइकवाल्याने वायर गुंडाळून टेम्पोत टाकली. मामा बसूनच होता. मला घरी जाऊन पाहुण्यांच्या जेवणाचं बघायचं होतं, दोनदा हाकही आली. पण मी त्याला उठवलं नाही आणि मीही उठले नाही.